लकव्यानंतरचे पहिले महिने: मेंदूत काय चाललेलं असतं आणि घरच्यांनी काय करायचं

रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा हातात गोळ्यांची यादी असते, 'फिजिओथेरपी सुरू ठेवा' असा एक शेरा असतो आणि 'हळूहळू होईल सुधारणा' हा धीर असतो. या 'हळूहळू'तच पुष्कळ वेळ वाया जातो. रक्ताच्या गुठळीमुळे लकवा झाल्यावर मेंदू रोज सारख्या गतीने सावरत नाही. पहिला आठवडा, पहिले तीन महिने आणि त्यापुढचा काळ, या तिन्ही टप्प्यांत मेंदूतली रासायनिक स्थिती वेगळी असते, म्हणून घरच्यांचं कामही वेगळं असतं. पुढे लिहिलेलं गुठळीच्या लकव्याबद्दल आहे. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर व्यायाम बराचसा हाच, पण औषधं पूर्ण वेगळी.

पहिले तास आणि पहिला आठवडा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. साठा जवळजवळ नसतो. रक्तवाहिनी बंद झाली की काही मिनिटांत पेशींतलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, संपतं. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंप थांबतात, पाणी आत शिरून पेशी फुगतात. पेशींतून ग्लुटामेट भसाभस बाहेर पडतं, त्याने शेजारच्या पेशींची दारं उघडून कॅल्शियम आत घुसतं, आणि ते पेशीतली विकरं चालू करून तिला आतून मोडून टाकतं. प्राणवायूविना साखर जळत राहिल्याने लॅक्टिक आम्लही साठतं.

मधला भाग असा लगेच मरतो. त्याच्या कडेचा भाग मात्र काही तास तग धरतो. पेठेतली मुख्य जलवाहिनी तुंबली की लगतचे वाडे कोरडे पडतात, पण पलीकडच्या गल्लीला दुसऱ्या लाइनवरून बारीक धार येत राहते, तसं हे. ती धार टिकेपर्यंत वाहिनी उघडली तर तो भाग वाचतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं ते यासाठीच. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत तारेने गुठळी काढण्याची मुदत 24 तासांपर्यंत जाते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रुग्ण पहिल्या दिवसापेक्षा सुस्त दिसू शकतो. 'औषध चालू असून जास्त कसं झालं?' हा प्रश्न तेव्हाच येतो. मेलेल्या भागाभोवती सूज या दिवसांत सर्वाधिक असते. दाह वाढवणारी द्रव्यं रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल करतात आणि त्यातून पाणी झिरपतं. गुंगी वाढली, डोकं फार दुखायला लागलं, उलटी झाली तर लगेच सिस्टरना सांगा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

याच दिवसांत रक्तदाबाचा आकडा पाहून घरचे घाबरतात. गुठळीचं इंजेक्शन दिलेलं नसेल तर पहिले एक-दोन दिवस रक्तदाब 220/120 पर्यंत बहुधा मुद्दाम खाली आणत नाहीत, कारण कडेच्या भागाला मिळणारं रक्त त्या दाबावर अवलंबून असतं. इंजेक्शन दिलं असेल तर उलट 24 तास तो 180/105 च्या खाली ठेवतात. घरून आणलेली बीपीची गोळी गुपचूप देऊ नका. साखर साधारण 140 ते 180 मध्ये ठेवतात, कारण जास्त साखरेने आम्ल आणि सूज दोन्ही वाढतात. म्हणून भेटायला येणाऱ्यांनी पेढे आणि नारळपाणी घरीच ठेवावं.

उठवायचं कधी? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अव्हर्ट या मोठ्या चाचणीत 24 तासांच्या आत जोरात आणि खूप वेळ उठवलेल्या रुग्णांचा तीन महिन्यांनंतरचा निकाल किंचित वाईट निघाला. त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात थोडा-थोडा वेळ पण जास्त वेळा उठवणं चांगलं ठरलं. म्हणजे पहिल्या दिवशी ओढून चालवायचं नाही, आणि नंतर आठवडाभर झोपवूनही ठेवायचं नाही. अंथरुणावर असेपर्यंत दर दोन तासांनी कूस बदला. टाचा आणि माकडहाड रोज उजेडात पाहा. लाली दाबूनही जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे.

गिळणं: इथे घाई जिवावर बेतते

गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाण्याचा चमचाही नाही, तीर्थही नाही. अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हा लकव्यानंतर जीव जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. ठसका लागला तर निदान कळतं. काहींना घशाची जाणीवच कमी झालेली असल्याने ठसकाही लागत नाही. म्हणून जेवणानंतर आवाज ओला, घोगरा होतो का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, यावर लक्ष ठेवा.

तोंडाने द्यायला परवानगी मिळाल्यावर घरोघरी होणारी चूक म्हणजे पातळ वरण-भात. मऊ म्हणून तो दिला जातो, पण घासात पाणी आणि शितं वेगवेगळी असतात. शितं चघळेपर्यंत पाणी पुढे सरकून श्वासनलिकेत उतरतं. त्याऐवजी घोटून एकजीव केलेली मुगाची खिचडी, घट्ट दही, कुस्करलेलं केळं किंवा घट्ट नाचणी सत्त्व द्या. कोरडे पोहे, चिवडा, भाकरीचा चुरा सध्या नको. पाणी आणि चहा घट्ट करायची पावडर औषधाच्या दुकानात मिळते. किती घट्ट करायचं हे स्पीच थेरपिस्ट ठरवतात. गिळण्याचे व्यायामही तेच शिकवतात, ही गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते.

भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा. टेकून, अर्धवट झोपून नाही. अर्धा चमचा घास, गिळल्याची खात्री, मग पुढचा. टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहायचं. कमजोर बाजूच्या गालात अन्न अडकून राहतं, ते बोटाला ओला कपडा गुंडाळून काढा आणि दिवसातून दोनदा दात घासा. तोंड स्वच्छ असेल तर चुकून लाळ खाली उतरली तरी तिच्यातून जाणारे जंतू कमी असतात.

पहिले तीन महिने: रसायन अनुकूल असतं, पण काम दिलं तरच

सूज उतरते तशी काही ताकद आपोआप परत येते. त्याचं श्रेय मग त्या आठवड्यात जे काही चाललेलं असेल त्याला मिळतं: तेल, काढा, नवस. त्याच वेळी मेलेल्या भागाच्या भोवती खरं महत्त्वाचं काम सुरू झालेलं असतं. तिथल्या पेशी वाढीची जनुकं पुन्हा चालू करतात. बीडीएनएफ हे प्रथिन पेशींमधले जोड पक्के करायला मदत करतं, नव्या केशवाहिन्या फुटतात, वाचलेल्या पेशी नवे धागे पसरवतात. पहिल्या दिवशी ज्याने पेशी मारल्या ते ग्लुटामेटच आता मोजक्या प्रमाणात नवं शिकण्याचं माध्यम बनतं.

कुठला धागा टिकणार हे वापरावर ठरतं. ज्या हालचालीची हजारो वेळा मागणी होते तिचे जोड पक्के होतात, बाकीचे छाटले जातात. अमेरिकेत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा 20 तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी दिला होता. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिला तेव्हा सर्वांत जास्त फायदा झाला. सहा महिन्यांनंतर दिला तेव्हा जादा फायदा दिसला नाही. लहान चाचणी होती, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांशी ती जुळते. म्हणूनच हे पहिले महिने गावोगावच्या 'लकव्याच्या औषधा'साठी फिरण्यात घालवू नका. त्या औषधाने अपाय झाला नाही असं धरलं, तरी गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

औषधांबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. रात्री झोप नाही म्हणून डायझेपाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या सहज दिल्या जातात. त्या मेंदूतला गाबा हा लगाम अधिक आवळतात, आणि लकव्यानंतर दुखापतीच्या कडेला तो आधीच आवळलेला असतो. शिवाय तोल जातो. सावरण्याच्या काळात अशी गोळी खरंच हवी का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. जुनी चालू असेल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. दुसरी गोष्ट 'मेंदूच्या टॉनिक'ची. सिटिकोलिनच्या 2012 मधल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. फ्लुओक्सेटिन या उदासीवरच्या गोळीने हात सुधारतो अशी आशा 2011 मध्ये निर्माण झाली होती. 2019 मधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ती टिकली नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. उदासीसाठी ती गोळी दिली असेल तर तो वेगळा आणि योग्य उपयोग आहे. महिन्याच्या खर्चात टॉनिक की जादा थेरपी असा प्रश्न आला, तर पैसे थेरपीवर घाला.

किती सराव म्हणजे पुरेसा

थेरपीच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 होतात, असं 2009 मधल्या एका निरीक्षणात आढळलं. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते चारशेच्या वर हालचाली झाल्यावर. ब्रिटनमधली 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं रोज तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस थेरपी सांगतात. पुण्यात घरी येणारा फिजिओथेरपिस्ट पाऊण तास देतो. उरलेलं घरच्यांनाच भरून काढावं लागतं. 60 हालचालींच्या पाच छोट्या बैठकी केल्या की 300 होतात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजचा आकडा लिहा.

काय करायचं हे हात आज कुठे आहे त्यावर ठरतं. लकव्यानंतर तीन दिवसांच्या आत खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं थोडी तरी उघडतात का, या दोन गोष्टींवरून हात कितपत परतेल याचा चांगला अंदाज येतो.

हात अजिबात हलत नसेल तर: साधारण 45 बाय 60 सेंटिमीटरचा आरसा टेबलावर रुग्णाच्या समोर मध्यभागी उभा ठेवा. कमजोर हात आरशामागे, चांगला पुढे. चांगल्या हाताची मूठ उघड-मीट करताना आरशात बघत राहायचं आणि मागच्या हातालाही तेच करायला सांगत राहायचं. रोज अर्धा तास, किमान चार आठवडे. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा. शिवाय दिवसातून दोनदा कोपर, मनगट, बोटं हळूच पूर्ण उघडा.

थोडी हालचाल असेल तर: टेबलावर पंचा पसरून त्यावर तळहात ठेवून पुढे-मागे सरकवणं. दोन्ही हातांनी लाटणं धरून पोळपाटावर फिरवणं. रिकामी स्टीलची वाटी उचलून वीतभर उंचीच्या डब्यावर ठेवणं. जमलं की वाटीत डाळ भरून वजन वाढवा. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं-काढणं. मटार सोलणं. बोटं बरी चालायला लागली की लसूण सोलणं, फुलवाती वळणं, रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद पेन्सिलीने जोडणं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट याच जातीची कामं देतात, आणि ओळखीच्या कामात मन जास्त लागतं. सहज जमायला लागलेलं काम त्याच दिवशी थोडं अवघड करा. जे डोळे मिटून जमतं त्याने मेंदू नवं काही शिकत नाही. कमजोर हाताची जाणीव गेली असेल तर गॅस आणि सुरी यांपासून दूर राहायचं.

मनगट साधारण 20 अंश आणि बोटं 10 अंश वर उचलता येत असतील तर चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत वापरता येते: चांगल्या हातात जाड मोजा घालून दिवसातले ठरवलेले तास सगळं कमजोर हाताने करायचं. ती दोन आठवडे चालते आणि थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी. चालताना, जिन्यावर आणि न्हाणीघरात मोजा काढायचा.

आता नेहमीच्या चुका. रबरी चेंडू दिवसभर दाबत बसणं: लकव्यानंतर बोटं मिटण्याकडेच ओढ घेतात, अवघड असतं ते उघडणं; म्हणून चेंडू सोडण्याचा सराव करा, दाबण्याचा नाही. दारावर कप्पी लावून हात वर ओढणं: सैल झालेल्या खांद्याला अशाने इजा होऊ शकते. तसंच, रुग्णाला उठवताना कमजोर हाताला किंवा काखेत धरून ओढू नका. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. दुसऱ्या कोणाकडून हात हलवताना तळहात वरच्या दिशेला वळवलेला असावा आणि शिकवल्याशिवाय खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नये. बसलेलं असताना पूर्ण बाहू उशीवर हवा. हात गळ्यात अडकवायची झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. हलक्या हाताने मालिश केल्याने बरं वाटतं, त्याला हरकत नाही. पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मात्र हात लावू नका, शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उठणं आणि चालणं

चालण्याच्या आधी खुर्चीतून उठणं. भिंतीला टेकवलेली, हातांची, सुमारे 45 सेंटिमीटर उंच लाकडी खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची सरकते. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, धड पुढे वाकवून नाक पायाच्या बोटांच्या पुढे नेलं की उठणं सोपं होतं. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. मदत करणाऱ्याने कमजोर बाजूला उभं राहायचं. काठी चांगल्या हातात. तिची उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या बाजूलाही कठडा लावून घ्या, कारण उतरताना चांगला हात पलीकडे येतो. पहिले आठवडे रस्त्यावर नेऊ नका. सोसायटीचं पार्किंग सपाट असतं, सावलीत असतं आणि टेकायला खांब असतात. पदपथ, टेकडी, सारसबाग पुढे कधीतरी. पाऊल खाली लोंबत असेल तर थेरपिस्टना विचारून घोट्याचा स्प्लिंट घ्या; चप्पल नको, मागून बंद बूट. न्हाणीघरात पकडायला दांडे, बसून अंघोळ आणि कमोड खुर्ची. या वस्तू विकत घेण्याआधी पुण्यातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत चौकशी करा. अनामत ठेवून व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी मिळते.

ज्यांची डावी बाजू गेली आहे त्यांच्यातले काही जण डावीकडचं जगच विसरतात: ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्धीच होते. हा हट्ट किंवा वेंधळेपणा नव्हे. ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवा आणि 'लाल दिसेपर्यंत मान वळवा' असं शिकवा.

जेवण, बोलणं, मन

अंथरुणावर स्नायू झपाट्याने झिजतात. साठ किलोच्या माणसाला रोज 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं हवीत: दोन वाट्या घट्ट वरण (14), दोन अंडी (12), दोन पेले दूध किंवा ताजं दही (14), चार पोळ्या (12), 50 ग्रॅम पनीर (9) एवढ्याने साठी गाठते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण बंद. ब-12 तपासून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरात या जीवनसत्त्वाची कमतरता किती पसरलेली आहे हे दाखवलं आहे. ती असेल तर रक्तात होमोसिस्टीन वाढतं आणि हातापायांची जाणीवही बिघडते. कमतरता भरून काढायची, पण त्याने लकवा बरा होईल असं मात्र समजू नये.

वाचा गेलेल्या माणसाला बहुधा सगळं कळत असतं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. छोटी वाक्यं, एका वेळी एक प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि मग दहा सेकंद गप्प. आरती, पाढे, वारांची नावं काहींना घडाघडा म्हणता येतात, कारण ती पाठांतरातून येतात. चालीवर शब्द चढवून मागण्या शिकवता येतात, पण आरती आली म्हणजे बोलणं आलं असं नाही. थेरपी घरच्या भाषेत, मराठीत व्हायला हवी. पुण्यात भारती विद्यापीठात वाचा-श्रवण उपचारांचं शिक्षण देणारं महाविद्यालय आहे. तिथल्यासारख्या विभागांत चौकशी करा.

साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. 'मनाने खंबीर व्हा' हा त्यावरचा उपाय नाही. औषध आणि समुपदेशन हा आहे. व्यायाम टाळणारा रुग्ण पुष्कळदा आळशी नसतो, उदास किंवा थकलेला असतो. म्हणून अवघड सराव सकाळी घ्या, दुपारी झोपू द्या. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.

तीन महिन्यांनंतर

वेग कमी होतो, सुधारणा थांबत नाही. हात आणि बोलणं वर्ष-दोन वर्षांनंतरही सरावाने पुढे जाऊ शकतं. या टप्प्यावर अनेकांचे स्नायू ताठर होतात. बोटॉक्सच्या इंजेक्शनने ताठरपणा साधारण तीन महिने उतरतो; त्या तीन महिन्यांत ताण देण्याचे व्यायाम आणि सराव केला नाही तर पैसे वाया गेले. ताठरपणावरच्या बॅक्लोफेन या गोळीने झोप येते, म्हणून डोसची वेळ सरावाच्या तासांशी जुळवून घ्या. स्थिती स्थिरावल्यावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. तपासणी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात होते.

दुसरा झटका टाळायचा असेल तर रक्तदाब 130/80 च्या खाली, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असतील तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) सात टक्क्यांच्या आसपास. बरं वाटलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोन गोळ्या ठरावीक दिवसांसाठीच दिल्या असतील तर कुठली कधी थांबवायची हे लिहून घ्या.

तोल, नजर, चेहरा, हात किंवा बोलणं यांतलं काहीही अचानक बिघडलं तर 108. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहा. डॉक्टर तीच आधी विचारतात. घरी ॲस्पिरिन देऊ नका, झटका रक्तस्रावाचा नाही हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. चोवीस तास सीटी आणि गुठळीचं इंजेक्शन असलेलं जवळचं रुग्णालय आजच शोधून ठेवा. संध्याकाळी सहाला सिंहगड रस्त्यावरून कुठे लवकर पोचता येतं याचाही विचार करा. डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी आणि आधार कार्डाची प्रत एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा.